कुंडीला तळ असतो

मे महिन्यात फायनल इयरच्या व्हायवा सुरू झाल्या की माझ्या टेबलावर हमखास एक तरी ईसीजीचा प्रोजेक्ट येतो. हृदयाचे ठोके डीप लर्निंगने (म्हणजे ढिगाने उदाहरणं दाखवून शिकवलेल्या प्रोग्रामने, त्यालाच मॉडेल म्हणतात) ओळखायचे, कुठला नॉर्मल, कुठला गडबडीचा. शेवटच्या स्लाइडवर मोठ्या ठळक अक्षरात ॲक्युरसी असते, नव्व्याण्णव पॉइंट काहीतरी टक्के. मी दरवर्षी तोच प्रश्न विचारतो, ट्रेनिंगला घेतलेले पेशंट आणि टेस्टला घेतलेले पेशंट वेगळे होते का रे? मग चौघं एकमेकांकडे बघतात आणि त्यातला जो खरंच कोड लिहिणारा असतो (चारात एकच असतो, हे सगळ्या गाईडांना माहिती असतं पण बोलायचं कुणी नाही) तो हळूच म्हणतो, सर, रँडम स्प्लिट केलाय.

म्हणजे संपलंच.

ज्यांना हे काय प्रकरण आहे माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही पोरं जो डेटा वापरतात तो जवळपास ठरलेला आहे, एमआयटी-बीआयएच नावाचा. बॉस्टनच्या बेथ इस्रायल हॉस्पिटलात १९७५ ते १९७९ या काळात पेशंटच्या अंगावर होल्टर (हिंडता-फिरता ईसीजी टिपत राहणारं छोटं यंत्र) लावून ज्या टेप घेतल्या त्यातले अर्ध्या अर्ध्या तासाचे ४८ तुकडे, माणसं ४७. एवढंच. आता एका माणसाचे अर्ध्या तासात दोनेक हजार ठोके पडतात आणि त्याचा एक ठोका त्याच्याच दुसऱ्या ठोक्यासारखा दिसतो, जसं आपलं अक्षर आपल्याच अक्षरासारखं दिसतं. सगळे ठोके एकत्र मिसळून त्यातले ऐंशी टक्के शिकवायला आणि वीस टक्के परीक्षेला ठेवले की परीक्षेत ओळखीचीच माणसं बसतात, मॉडेलने आजार ओळखला का माणूस ओळखला हे कळायला मार्गच उरत नाही. पेपर आधीच फुटलेला असतो आणि आपण नव्व्याण्णव टक्क्यांचे पेढे वाटतो.

अजून एक गंमत. पेसमेकरवाले चार रेकॉर्ड बाजूला काढले की या डेटात साधारण लाखभर ठोके उरतात आणि त्यातले नव्वद हजाराच्या आसपास नॉर्मलच्या गटात मोडतात. म्हणजे 'सगळं नॉर्मल आहे, घरी जा' एवढं एकच वाक्य छापणारा दोन ओळींचा प्रोग्राम लिहिला तरी नव्वदच्या जवळ ॲक्युरसी येते, ते पण एकही आजारी ठोका न पकडता.

आता दुसरी गोष्ट. माझी मावसबहीण कृषी विद्यापीठात वनस्पती शरीरक्रियाशास्त्रात एमएस्सी करत होती, विषय होता रब्बी ज्वारीची दुष्काळ सहनशीलता. पॉलिहाऊसमध्ये ओळीने कुंड्या, अर्ध्यांना पाणी, अर्ध्यांचं पाणी तोडलेलं, मग पानं तोडून आणायची, त्यात प्रोलीन (पाण्याचा ताण पडला की पानात साठणारं एक अमिनो आम्ल) किती वाढलं ते काढायचं, पानात पाणी किती टक्के उरलंय ते काढायचं. प्रोलीनची पद्धत १९७३ ची, बेट्सची, निनहायड्रीन टाकून उकळायचं, रंग टोल्युइनमध्ये घ्यायचा आणि ५२० नॅनोमीटरला मोजायचा, या विषयाची थिसिस उघडा, बहुतेक हीच सापडणार. तिची एक ओळ, म्हणजे तपासायला घेतलेल्या बियाण्यांतलं एक वाण, कुंडीत फार भारी निघाली, पाणी तोडल्यावर पण हिरवीगार. पोरगी खूश, गाईड खूश.

सुट्टीत ती मंगळवेढ्याला आमच्या काकांकडे आली आणि त्यांना उत्साहाने सगळं सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कुंडी केवढी होती गं?" तिने हाताने दाखवलं. काका म्हणले, "कुंडीला तळ असतो बाई. रानाला कुठं असतो?"

मंगळवेढ्याची ज्वारी ज्यांनी बघितली आहे त्यांना हे लगेच कळेल. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, नंतर पाऊस जवळपास नाहीच, पुढचे चार महिने पीक काळ्या मातीत साठलेल्या ओलीवर जगतं. वरचा थर वाळत जातो तशी मुळं ओलीच्या मागं खाली खाली जातात. मग जमिनीला भेगा पडतात, कधी कधी हात घालावा एवढ्या, आणि त्या भेगांतून खालची ओल उडून जाते. म्हणून काका आठव्या आठवड्यात दातेरी कोळपं घालतात, भेगा बुजवायला. एक कोळपणी अर्धं पाणी असं आमच्याकडे उगाच म्हणत नाहीत. त्याआधी रानात एका जागी कुदळीने हातभर खणून माती मुठीत दाबून बघतात, लाडू वळला तर ठीक, भुगा झाला तर मग चेहरा बघण्यासारखा होतो. या सगळ्यातलं कुंडीत काय होतं? कुंडीतली माती तीन-चार दिवसांत खडखडीत होते, मुळं तळाला जाऊन गोल गोल फिरायला लागतात. रानात दुष्काळ हळूहळू येतो आणि नेमका दाणे भरायच्या वेळी गळा धरतो. तेव्हाच खडखड्या रोग लागतो, ताट, म्हणजे ज्वारीचं खोड, आतून पोकळ होतं आणि भरलं कणीस घेऊन आडवं पडतं. महिन्याभराच्या रोपाला कुंडीत पाच दिवस तहानलेलं ठेवून याच्याबद्दल काय कळणार आहे सांगा.

बरं हे काही फक्त काकांचं म्हणणं नाही. २०१२ मध्ये ६५ अभ्यास एकत्र करून काढलेला एक निष्कर्ष आहे, कुंडीचं माप दुप्पट केलं तर रोपाचं वजन सरासरी ४३ टक्क्यांनी वाढतं. म्हणजे आपण दुष्काळ मोजतोय का प्लास्टिकचं भांडं मोजतोय हा प्रश्न रास्तच आहे. प्रोलीनचं पण तेच. प्रोलीन वाढलं म्हणजे झाड दुष्काळ सहन करतंय, का झाडाला दुष्काळ जास्त लागतोय, यावर या विषयातलीच माणसं कितीतरी वर्षं भांडतायत. ताप जास्त आला म्हणजे माणूस तापाला जास्त तोंड देतोय असं आपण म्हणतो का? आणि मुळात तगून राहणं वेगळं आणि पिकणं वेगळं. पाण्याची चणचण झाली की झाड पानांवरची छिद्रं मिटून घेतं, पाणी वाचतं पण कार्बन डायऑक्साइड पण आत यायचा थांबतो, म्हणजे स्वयंपाकच बंद. असं झाड हिरवं दिसेल, फोटो छान येईल, दाणा भरणार नाही. शेतकऱ्याला दाणा पाहिजे आणि कडबा पाहिजे.

तर दोन वेगळ्या विषयांत, दोन वेगळ्या विद्यापीठांत, एकमेकांचं नाव न ऐकलेली माणसं अगदी एकच चूक करतायत. जिथं सोपं जातं तिथं तपासायचं आणि जिथं वापरायचं तिथलं झालं असं लिहून टाकायचं. हा कुणा विद्यार्थ्याचा आळशीपणा आहे असं मला म्हणायचं नाही, कारण आळशीपणा असता तर एवढ्या वेगवेगळ्या ठिकाणी एकाच आकाराचा दिसला नसता. आपण ज्याला मार्क देतो, ज्याला प्रमोशन देतो, ज्याला सरकारी पैसा देतो त्याचा हा आकार आहे. २०२२ मध्ये यूजीसीने पीएचडीचा प्रबंध देण्याआधी पेपर छापायची सक्ती काढली हे चांगलंच झालं, पण मास्तरांच्या प्रमोशनचं गणित पेपरांवर चालतंच, आणि पेपर लिहायला लागतो आकडा, तो कुंडीत सहा महिन्यांत मिळतो आणि रानात तीन रब्बी घालवून पण मिळेल याची खात्री नाही. मग माणूस काय करेल?

ही चूक कळलेलीच नाही असंही नाही. ईसीजीवाल्यांत २००४ मध्येच डब्लिनच्या एका टीमने याच डेटाची पेशंटप्रमाणे वाटणी केली, २२ रेकॉर्ड शिकवायला, २२ परीक्षेला, आणि तेव्हापासून जे प्रामाणिकपणे काम करतात ते हीच वाटणी वापरतात. नव्व्याण्णवचा आकडा तिथं सहजासहजी राहत नाही, खास करून हृदयाच्या वरच्या कप्प्यातून येणारे अवेळी ठोके पकडताना भल्याभल्यांची दमछाक होते. पण मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच आहे. ४८ रेकॉर्ड आणि ४७ माणसं का? कारण २०१ नंबरचा आणि २०२ नंबरचा रेकॉर्ड एकाच बाप्याचा आहे. आणि या इतक्या काळजीने केलेल्या वाटणीत २०१ गेला शिकवायच्या गटात आणि २०२ गेला परीक्षेच्या गटात! इतकी वर्षं हा एक गृहस्थ दोन्हीकडे हजेरी लावतोय. मी हे वर्गात सांगतो तेव्हा पोरं हसतात, पण त्यानंतर निदान डेटाबरोबर आलेली माहितीची फाइल उघडून वाचतात, जी त्याआधी कुणीच उघडलेली नसते.

त्याच फाइलमध्ये अजून एक ओळ आहे. हा सिग्नल सेकंदाला ३६० वेळा मोजलाय. ३६० च का? तर अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, तिचा गुणगुणाट सिग्नलमध्ये मिसळतो, तो साध्या फिल्टरने काढता यावा म्हणून साठाच्या पटीतला आकडा घेतला. आपली वीज ५० हर्ट्झची. आता ही छोटीच गोष्ट आहे, दोन ओळी बदलून दुरुस्त होते, पण बदलायला पाहिजे हे आधी माहिती तर पाहिजे ना. तालुक्याच्या दवाखान्यात ईसीजी कसा निघतो बघितलाय कधी? हातापायाला चिमटे, छातीला रबरी फुगे, जेली संपली असेल तर पाण्याचा बोळा, डोक्यावर पंखा, मशीन इन्व्हर्टरवर, अर्थिंगचा पत्ता नाही, म्हातारी थंडीने कुडकुडतेय आणि सिस्टर म्हणतायत आजी हलू नका. कागदावर जी रेघ येते तिला आमच्या मुलांच्या मॉडेलने आयुष्यात कधी बघितलेलं नसतं. आणि ते मॉडेल 'मला कळत नाही' असं म्हणत नाही हा खरा घोळ. ते तितक्याच आत्मविश्वासाने उत्तर देतं.

यंत्र ज्यांच्यावर तपासलं नाही त्यांच्यावर चुकतं याचा एक नमुना तर आपण सगळ्यांनी बोटाला लावलाय. कोविडमध्ये घरोघरी ऑक्सिमीटर आले, ९४ का ९३ यावर लोकांच्या रात्री गेल्या. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवलं की ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात खरा ऑक्सिजन ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या पेशंटमध्ये ३.६ टक्के होतं आणि काळ्या पेशंटमध्ये ११.७. जवळपास तिप्पट. हे यंत्र त्याच्या आधी कित्येक दशकं दवाखान्यात वापरात होतं. त्यात डीप लर्निंग पण नाही, साधा प्रकाश आहे, त्वचेतून आरपार जाणारा.

आणि शेती आणि डीप लर्निंग थेट एकत्र येतात तिथं तर हा सगळा प्रकार एकाच पेपरात बघायला मिळतो. प्लँटव्हिलेज म्हणून पानांच्या फोटोंचा एक संग्रह आहे, ५४ हजारांवर फोटो, १४ पिकं, २६ रोग. २०१६ मध्ये त्यावर मॉडेल शिकवून ९९.३५ टक्के ॲक्युरसी आली, आणि आपल्याकडे पानावरचा रोग ओळखणारे जे प्रोजेक्ट होतात ते बहुतेक याच डेटावर उड्या मारतात. पण त्याच पेपरात पुढं लिहिलंय की वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर हाच आकडा ३१ टक्क्यांच्या जरासा वर राहिला. त्यांनी स्वतःच लिहिलंय, लपवलं नाही, मोठेपणा आहे त्यांचा. आम्ही मात्र ९९ उचलला आणि ३१ तिथंच ठेवला. २०२२ मध्ये एकाने अजून वात्रटपणा केला, पान बघायचंच नाही, फोटोच्या कडेच्या पार्श्वभूमीतले फक्त आठ पिक्सेल घ्यायचे आणि रोग ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तीन टक्के पण आले नसते तिथं ४९ टक्के बरोबर आलं. म्हणजे मॉडेल रोगाबरोबर टेबलाचा रंग पण शिकत होतं.

हा आता आपल्या खिशाचा विषय आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी. केंद्राचं इंडियाएआय मिशन तर दहा हजार कोटींच्या वरचं आहे. पैसा येतोय याचा मला आनंदच आहे, मी त्याच धंद्यातला माणूस आहे. पण मला एवढंच म्हणायचंय की या पैशातून जे काही ॲप, सेन्सर, वाण किंवा मॉडेल बाहेर पडेल त्याचा शेवटचा हप्ता ज्याने बनवलं त्याने नाही तर तिसऱ्याच कुणीतरी, बनवणाऱ्याने कधी न बघितलेल्या रानात किंवा न बघितलेल्या पेशंटवर तपासल्याशिवाय सुटू नये, आणि त्या तपासणीत नापास झालं तरी तो निकाल सगळ्यांना बघायला ठेवावा. रस्त्याच्या कामात सुद्धा थर्ड पार्टी तपासणी असते हो. (तिथं काय होतं ते सोडा, निदान कागदावर तरी असते.)

यावर माझ्याच स्टाफरूममध्ये मला जे ऐकवलं गेलं ते पण सांगतो. एक, विद्यार्थ्याकडे एक वर्ष असतं, त्यात त्याने पेशंट कुठून आणायचे? एथिक्स कमिटीची परवानगी निघेपर्यंत तो कॅम्पसमधून सिलेक्ट होऊन बंगलोरला पोचलेला असतो. खरंय. दोन, कुंडीशिवाय कंट्रोल मिळत नाही, रानात एकाच वेळी दहा गोष्टी बदलतात, मग नेमकं कशामुळे झालं हे कसं सांगणार? हे पण खरंय, आणि मी कुंडी फोडा म्हणतच नाही. मी म्हणतो कुंडीतलं उत्तर कुंडीतलं म्हणून लिहा. शीर्षकात दुष्काळ सहनशीलता असं न लिहिता 'पाच किलो मातीच्या कुंडीत तीस दिवसांच्या रोपाचं पाणी तोडल्यावर पानातलं प्रोलीन' असं लिहा. लांबलचक होईल, कुणी ढुंकून बघणार नाही, पण खोटं नसेल. तसंच ईसीजीवाल्याने रँडम स्प्लिट केला तर पहिल्या पानावर तसं सांगावं, व्हायवाला दरडावल्यावर नाही.

आणि वेळ लागतो म्हणणाऱ्यांना माझं उलट म्हणणं आहे की वेळ लागणारं कामच शेवटी टिकतं. ज्या डेटावर जगभरातल्या पोरांनी डिग्र्या काढल्या तो एमआयटी-बीआयएच बनवायला पाच वर्षं गेली, दोन कार्डिओलॉजिस्टनी एकमेकांचं न बघता एक एक ठोका तपासला, साधारण एक लाख दहा हजार ठोके, जिथं मतं जुळली नाहीत तिथं पुन्हा बसून ठरवलं. १९८० मध्ये तो लोकांना दिला. त्यावर आलेली किती मॉडेलं आली आणि गेली, तो डेटा अजून आहे. आपल्याकडे असं काम कुणी करायचं म्हटलं तर त्याला कुठल्या फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात मार्क मिळणार? डेटा गोळा करणं म्हणजे आपल्याकडे कारकुनी.

शेतीत तर आपल्याच घरात उदाहरण आहे. मालदांडी ३५-१ ही ज्वारी मोहोळला स्थानिक मालदांडीतून निवडून काढली, आणि इतकी वर्षं झाली तरी सोलापूर-नगरच्या रानातून ती हटत नाही. ती रानातच निवडली गेली होती. राहुरीच्या विद्यापीठातल्या पैदासकारांना पण हे पक्कं माहिती आहे, म्हणून त्यांची शिफारस जमिनीच्या खोलीप्रमाणे असते, हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारी जमिनीला फुले वसुधा, आणि भारी जमीन असून पाणी द्यायची सोय असेल तर फुले रेवती. एकच 'दुष्काळ सहनशील' असा शिक्का मारून मोकळे झाले नाहीत ते. कारण हलक्या मुरमाड रानातला दुष्काळ आणि चार फूट काळ्या रानातला दुष्काळ हे दोन वेगळे आजार आहेत. मग पैदासकाराला जे कळतं ते शेजारच्याच बिल्डिंगमधल्या शरीरक्रियेच्या थिसिसमध्ये का उतरत नाही, हे मला खरंच कळलेलं नाही.

आणि शरीरक्रियेचं संशोधन पार रानापर्यंत पोचूच शकत नाही असंही नाही. ओडिशात एफआर१३ए नावाचं जुनं स्थानिक भात होतं, पुरात बुडालं तरी पाणी उतरल्यावर उठून उभं राहायचं. झाड बुडाल्यावर उंच वाढायची धडपड न करता शक्ती राखून गप्प बसतं, हे कशामुळे ते शोधता शोधता २००६ मध्ये सब१ए हे जीन सापडलं. लोकांना आवडणाऱ्या स्वर्णा भातात ते जुन्या पद्धतीच्या संकरानेच आणलं आणि २००९ मध्ये स्वर्णा-सब१ भारतात आलं, दोन आठवडे पाण्याखाली राहून पण पिकणारं. आणि तिथं थांबले नाहीत हे महत्त्वाचं, ओडिशाच्या गावांत औषधाची चाचणी करतात तसं चिठ्ठ्या टाकून काही शेतकऱ्यांना हे बी दिलं, काहींना नाही, आणि खऱ्या पुरात काय होतं ते मोजलं. रोपाच्या आतली यंत्रणा आणि बांधावरचं पोतं, दोन्ही एकाच गोष्टीत. असं झालं की मला कुंडीबद्दल पण प्रेम वाटतं.

मावसबहिणीचं पुढं काय झालं ते राहिलंच. तिने गाईडला विचारून नाही, स्वतःच्या हौसेने त्या ओळीचं वाटीभर बी काकांच्या रानात एका कडेला दोन रांगांत पेरलं. जानेवारीपर्यंत मालदांडीच्या बरोबरीने उभं होतं, हुरड्याला आलेल्या पाहुण्यांना आम्ही दाखवत होतो. दाणे भरायला लागले आणि महिन्याभरात बरीचशी ताटं आडवी झाली. तिने सगळं नीट मोजून, फोटो काढून, किती ताटं पडली, मुळं किती खोल गेली होती, सगळं एका प्रकरणात लिहिलं. ते थिसिसमधून काढायला लावलं, निकाल 'कन्फ्यूजिंग' दिसतो म्हणून. आता ते प्रकरण काकांच्या घरी ट्रंकेत आहे, सोसायटीच्या पासबुकाबरोबर, आणि गावात कुणी नवीन वाणाची जाहिरात घेऊन आलं की काका ते बाहेर काढून त्याच्यापुढं ठेवतात.